पंक्चर शंभराचे, टायर चार हजारांचा



कारखान्यांचे गळीत सुरू झाले की आपल्या कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर पट्ट्यातल्या पंक्चरवाल्यांचाही हंगाम सुरू होतो. उसाच्या टायरगाड्या ओढणाऱ्या बैलांच्या पत्र्या डांबरावर झिजतात, खिळे सुटतात आणि रस्त्यात पडून राहतात. मोटारीचे पुढचे चाक त्या पडलेल्या खिळ्याला उभा करते आणि मागचे चाक तो पोटात घेते. मागचेच टायर जास्त पंक्चर का होतात, याचे कारण हे असे आहे. त्यात बांधावरच्या बाभळीचे काटे आहेतच.

कृषी खात्याच्या माणसाने फवारणी सोडून पंक्चरवर का लिहावे, असे कोणी म्हणेल. पण आता गावोगाव चारचाकी आली आहे. डाळिंबाचे क्रेट असोत, आजारी माणूस असो की लग्नाचे वऱ्हाड असो, सगळे तिच्यातूनच जाते. आणि ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून आपल्या गाड्या अशा रस्त्यावर धावू लागल्या आहेत, जिथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. गावातल्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने चालून जाणारी दुरुस्ती तिथे चालत नाही. आपल्याकडे पंक्चर काढतात ते नुसती हवा थांबवण्यासाठी. टायर आतून कसा आहे, हे बघायचे राहूनच जाते.

आधी ट्यूबवाल्या टायरचे थोडक्यात. ही पद्धत सर्वांच्या पाहण्यातली आहे. ट्यूब काढायची, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात धरायची, बुडबुडे येतात तिथे खूण करायची, जागा घासायची, सोल्यूशन लावून पॅच ठोकायचा. यात दोन ठिकाणी घाई होते. सोल्यूशन चार-पाच मिनिटे वाळू द्यावे लागते. ओल्यावर पॅच दाबला तर तो दोन दिवसांत सुटतो. दुसरे म्हणजे ट्यूब दुरुस्त होते, पण बाभळीच्या काट्याचे टोक टायरमध्येच राहते आणि उद्या पुन्हा तिथेच पंक्चर. टायरच्या आतून फडके फिरवायला सांगा, टोक असेल तर ते फडक्याला अडकते. बोट फिरवू नका.

आता बहुतेक मोटारींना ट्यूबलेस टायर येतात. त्यात खिळा गेला तरी हवा एकदम जात नाही, खिळाच भोक बुजवून धरतो. म्हणून खिळा दिसला की लगेच पकडीने उपटायचा मोह आवरा. हवा बघा, कमी असेल तर भरा आणि सावकाश दुकानापर्यंत जा. हवा पार गेली असेल तर मात्र एक पाऊलही गाडी चालवू नका, स्टेपनी लावा. बसलेल्या टायरवर गाडी चालवली की टायरची बगल रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चेचली जाते. आतला थर सुटतो, रबराची काळी भुकटी पडते. बाहेरून हे काही दिसत नाही. हवा भरली की टायर पहिल्यासारखाच गुटगुटीत दिसतो आणि मग एखाद्या दुपारी, तापलेल्या रस्त्यावर, भरल्या गाडीत तो फुटतो.

दुकानात नेहमी होते ते दोरीचे पंक्चर. खिळा काढायचा, कानशीसारखे सळईचे हत्यार भोकात फिरवायचे, चिकट रबराची दोरी सुईत ओवून आत ढकलायची, वरचा शेंडा कापायचा. दहा मिनिटांत काम होते, चाकही काढावे लागत नाही. आपल्या भागात सध्या शंभर ते दीडशे रुपये घेतात. गाडी रस्त्यात उभी असेल आणि माणूस तिथे बोलवावा लागला तर जास्त. ही पद्धत वाईट आहे असे मी म्हणत नाही. रात्री-अपरात्री ती देवासारखी धावून येते. पण ती आहे तात्पुरती. दोरी भोक बुजवते, आतला हवाबंद थर सांधत नाही. शिवाय दोरीच्या कडेने पाणी मुरले तर रबराखालच्या पोलादी तारांना गंज चढतो. दोरी घातल्यावर सत्तर-ऐंशीच्या वर जाऊ नका आणि सवडीने, म्हणजे दोन-चार दिवसांतच, टायर उघडून घ्या.

उघडून करायची दुरुस्ती म्हणजे मशरूम पॅच. आळंब्यासारखा त्याचा आकार असतो. देठ भोकात जातो, छत्री आतल्या बाजूला चिकटते. आतली जागा घासून, सोल्यूशन लावून, वाळवून तो बसवतात. याला अडीचशे ते चारशे रुपये पडतात, शहरात थोडे अधिक. चाक उघडले की तोल बघून वजनेही पुन्हा लावून घ्यावी लागतात, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरते. त्याचे पैसे वेगळे. एवढे करून काय मिळते? भोक दोन्ही अंगांनी बंद होते. आणि माझ्या मते त्याहून मोठा फायदा म्हणजे टायर आतून बघता येतो. काळी भुकटी निघाली, बगलेत वळकटी पडलेली दिसली, तर तो टायर कितीही नवा असो, बाद करायचा.

छोट्या मोटारीचा टायर साडेतीन-चार हजारांच्या घरात आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून मोटारीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तरी खर्च लहान नाहीच. म्हणून लोक टायर वाचवू पाहतात, हे समजण्यासारखे आहे. पण कुठला टायर वाचतो आणि कुठला नाही, याची हद्द ठरलेली आहे. रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या पट्ट्यातले, सहा मिलिमीटरपर्यंतचे, म्हणजे हरभऱ्याच्या बारक्या दाण्याएवढे भोक दुरुस्त होते. खांदा आणि बगल इथले भोक दुरुस्त करायचे नसते. चालताना दर फेऱ्याला बगल वाकते आणि सरळ होते, तिथे दोरी काय अन् पॅच काय, टिकत नाही. खड्ड्यात आदळून बगलेला फुगा आला असेल तर आतल्या दोऱ्या तुटल्या आहेत असे समजा. त्याला इलाज नाही. "मारून देतो की साहेब, काही होत नाही," असे म्हणणारे भेटतील. त्यांना त्या गाडीत बसून नाशिकला जायचे नसते.

गावात आणखी एक तोड निघते, ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकायची. रिम वाकली असेल, कडेने हवा जात असेल, तर घरी पोचेपर्यंत हे ठीक. पण लोक वर्ष-वर्ष तशीच गाडी चालवतात. ट्यूब टायरच्या आतल्या खडबडीत अंगाला घासते, तापते, आणि पंक्चर झाले की हवा एका दमात जाते. जो गुण पाहून ट्यूबलेस घेतला, तोच गेला. टायरमध्ये ओतायच्या पातळ जेलचेही तसेच. काट्याच्या बारीक भोकांना ते उपयोगी पडते. मात्र टायर उघडला की आत राड झालेली असते आणि पॅच धरत नाही, म्हणून कारागीर वैतागतो. जेल टाकले असेल तर त्याला आधी सांगा.

फसवणुकीविषयी लिहिले नाही तर लेख अपुरा राहील. एका पंक्चरसाठी थांबलेल्या गाडीला चार पंक्चर निघाल्याच्या तक्रारी महामार्गावर नेहमी ऐकू येतात. साबणाचे पाणी मारता मारता हातातल्या टोच्याने भोके पाडायची, ही त्यातली रीत. सगळेच असे नसतात. केरळातून येऊन वर्षानुवर्षे हायवेला खोपट टाकून बसलेले कारागीर आपण पाहिले आहेत. रात्री दोन वाजता उठून त्यांनी किती जणांची वाट मोकळी केली असेल! तरी चहाला जाऊ नका. चाकापाशी उभे राहा, बुडबुडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, प्रत्येक भोकातून काय निघाले ते विचारा. खिळा नाही, काटा नाही आणि भोक मात्र ताजे, असे असेल तर बोला. भाव कामाआधी ठरवा. दुकानावर दरफलक असावा, ही मागणी ग्रामसभेत करायला काहीच हरकत नाही.

दुसरी बाजूही आहे. दहा-वीस रुपयांसाठी आपण पंक्चरवाल्याशी जितकी हुज्जत घालतो, तितकी औषधाच्या दुकानात कधी घालत नाही. गावातल्या दुकानात टायर उघडायचे यंत्र नसते. टॉमी घालून, पायाने दाबून टायर उघडतात, त्यात टायरचा काठ फाटतो. यंत्र घ्यायला पैसा लागतो, आणि गिऱ्हाईक जर दोरीपुढे जातच नसेल तर तो पोरगा यंत्र कशाच्या भरवशावर घेणार? चार जणांनी आतून पॅच मागितला तर पुढल्या वर्षी ते यंत्र दिसेलही.

बियाण्याच्या पिशवीवरची तारीख वाचता तशी टायरवरचीही वाचा. बगलेवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की मोटारीचा टायर कायद्यानेही चालत नाही. खाचांमध्ये त्यासाठी बारीक उंचवटे दिलेले असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आले की संपले. अशा टायरचे पंक्चर काढण्यात शंभर रुपयेसुद्धा घालू नका. हवा मात्र दर पंधरवड्याला, टायर थंड असताना बघा. किती पौंड ते चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेले असते, बहुतेक मोटारींना तीस ते पस्तीस. स्टेपनीचीही बघा. ती वर्षभर डिकीत पडून असते आणि वेळेला नेमकी बसलेली निघते.

आणि नवी गाडी घेणार असाल तर स्टेपनी आहे का, हे आधी विचारा. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचे किट दिले असेल तर छोट्या मोटारीला स्टेपनी नसली तरी चालेल, अशी मुभा ऑक्टोबर २०२०पासून आहे. असे किट मिळाले असेल तर ते घरासमोर एकदा उघडून, पंप लावून, चालवून बघा.