ओढ्याचा हिशेब

नगर म्हटलं की लोकांना दोन गोष्टी हमखास आठवतात. एक दुष्काळ आणि दुसरा ऊस. (आता अहिल्यानगर म्हणायला हवं, पण जिभेवर अजून नगरच येतं. असो.) मला मात्र हिवरे बाजार आठवतं, कारण पावसाच्या पाण्याचं काय करायचं हे ठरवणं ग्रामपंचायतीचं काम आहे, हे तिथे मान्य झालंय.

पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. गावचं क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर, पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. आता गंमत बघा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. म्हणजे या 'दुष्काळी' गावावर सरासरी वर्षात जवळपास ३९० कोटी लिटर पाणी पडतं! प्रश्न एवढाच की ते ओढ्याने एका दुपारीत निघून जातं की मुरतं. म्हणून डोंगरावर सलग समतल चर, मग नालाबांध, शेवटी पाझर तलाव. माथ्यावर पाण्याचा वेग मोडला की खालचा ओढा माती वाहून नेत नाही.

पण माझ्या मते खरं धाडस पुढे आहे. पावसाळा संपला की विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पिकं त्यावर ठरवतात. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथे उसाला नाही म्हणायचं म्हणजे चेष्टा नव्हे.

याउलट जलयुक्त शिवार. २०१४ पासून राज्यभर जेसीबी नाल्यात उतरले, माथा राहिला बाजूला. नऊ हजार कोटींच्या वर खर्च झाला आणि २०२० साली कॅगने सांगितलं की भूजल वाढवण्यात फारसं यश आलं नाही. खोदणं फोटोत दिसतं, उपशावरचा निर्बंध दिसत नाही, आणि तो मतंही घालवतो.

आमचे मामा म्हणतात, "अरे, गावाचं सोपं असतं. शहरात कुठे चर खणणार?" मामा, चर नका खणू. पण शहरात गच्ची, डांबर, पेव्हर ब्लॉक यांच्यामुळे मुरायला जागाच उरत नाही. सगळं पाणी एकदम नाल्यात, तिथून सीनेत. नाला अरुंद केला, पाइपात कोंबला, की तेच पाणी घरात शिरतं. नगरपालिकेची महापालिका २००३ सालीच झाली, तेव्हा शहर लहान आहे ही सबब आता चालायची नाही. नाल्यांचा नकाशा प्रत्येक प्रभागात भिंतीवर लावा, पूररेषेच्या आत बांधकाम परवानगी देऊ नका, आणि गच्चीचं पाणी जमिनीत सोडणाऱ्याला घरपट्टीत सवलत द्या. पहिल्या कामाला तर रंगाचा एक डबा पुरतो.