सहज आठवलं : पेटीची किल्ली



परवा भाच्याला मुंबईच्या गाडीवर सोडायला निघालो. गाडीला वेळ होता, म्हणून देवास गेटला चहा घेत बसलो. आमच्या हौशी नाटक मंडळाचा सगळा भार चार वर्षं त्यानं उचलला. आता सिनेमात नशीब आजमावायला निघालाय. मी गप्पच होतो. त्यानं विचारलं, "मामा, रागावलात?"

मला दादा कोंडके आठवले. त्यांनी स्वतःची नाटक कंपनी काढली, वसंत सबनिसांकडून वगनाट्य लिहून घेतलं आणि १९६५ साली 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आणलं. निर्माते तेच, हवालदारही तेच! दीड हजारांवर प्रयोग झाले. प्रेक्षक कुठे हसतो, कुठे चुळबुळतो, हे रोज समोर दिसायचं. १९६९ मध्ये भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून ते पडद्यावर आले. पण पुढे कुणाच्या बोलावण्याची वाट पाहिली नाही. १९७१ चा 'सोंगाड्या' स्वतःच काढला. लेखक पुन्हा सबनीसच, आणि नायक तमाशाच्या नादी लागलेला भोळा नाम्या. सिनेमात गेले, ते रंगभूमी बरोबर घेऊनच.

भाच्याला म्हटलं, "रागावलो नाही रे. जा, पण इथे शिकलास ते घेऊन जा. आणि नाहीच जमलं, तर पडदा ओढायला तुझी जागा आहेच."

त्यानं वाकून नमस्कार केला आणि मंडळाच्या पेटीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

गणपती महिन्यावर आलेत. मंडळी, किल्ली कोण घेतंय?