भूल आणि ऑलिव्हचं तेल

"भूल नेमकी कशी चढते ते अजून डॉक्टरांनाच कळलेलं नाही म्हणे!" हे वाक्य हल्ली बऱ्याच जणांच्या तोंडी ऐकतो. व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत ते आमच्या नात्यातल्या एका वहिनींपर्यंत पोचलं आणि त्यांनी पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं. म्हणून हा प्रपंच. मी मराठीचा मास्तर, शास्त्राचा नव्हे. पण अर्धवट वाक्य दिसलं की ते पूर्ण करायची खोड जात नाही.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने रोग्याला इथर हुंगवलं आणि त्याच्या मानेवरच्या गाठीवर शस्त्रक्रिया झाली. इथरने माणूस गुंगतो का, याचं उत्तर तेव्हा खरंच कुणापाशी नव्हतं.

पुढे १८९९ मध्ये हान्स मायर आणि १९०१ मध्ये चार्ल्स ओव्हर्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक गंमत दाखवली. बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांवर त्यांनी निरनिराळी द्रव्यं वापरून पाहिली. जे द्रव्य ऑलिव्हच्या तेलात जास्त विरघळतं, ते अगदी थोडं दिलं तरी पिल्लू गुंगतं! पेशीभोवतीचं पटल मेदाचं. म्हणजे औषध त्या मेदात मुरतं, पटल सैलावतं आणि मज्जापेशींचा कारभार थंडावतो... किती सुटसुटीत! कित्येक दशकं हेच उत्तर मानलं गेलं.

पण सुटसुटीत उत्तरालाही परीक्षेला बसावं लागतं. अंगात एक अंश ताप चढला तरी पटल जवळजवळ तेवढंच सैलावतं, मग तापाने माणूस बेशुद्ध का पडत नाही? काही औषधांचे रेणू डाव्या-उजव्या हातासारखे जोडीने असतात. तेलात दोघे सारखेच विरघळतात, पण गुंगवण्यात एक दुसऱ्याला भारी. (आमच्या वर्गात अशी जुळी भावंडं होती, दिसायला सारखी आणि एकच उद्योगी!) मग १९८४ मध्ये लंडनच्या निकोलस फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी काजव्याला उजेड देणारं प्रथिन घेतलं. त्यात मेदाचा थेंब नाही, पटल नाही. तरीही भुलीची औषधं त्या प्रथिनाचं काम रोखतात, आणि तेही जवळपास भुलीला लागते त्याच मात्रेत.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी जागा ही. मायर-ओव्हर्टन यांचा तक्ता खोटा नव्हताच. प्रथिनांतही तेलकट खळगे असतात, तेलाशी सलगी करणारं औषध तिथेही जाऊन बसतं. तक्ता टिकला, त्यावरून काढलेला अर्थ बदलला.

आज आपल्याला काय ठाऊक आहे? पटलात रुतलेली काही प्रथिनं दरवाजासारखी काम करतात. प्रोपोफॉल हे नेहमीचं औषध 'गाबा' नावाच्या दरवाजाला उघडं राहायला मदत करतं आणि पेशी शांत होते. २००३ मध्ये उंदरांच्या त्या दरवाजातली एकच कडी बदलली, तर प्रोपोफॉलचा त्यांच्यावरचा अंमल बराच उतरला. केटामाइन मात्र वेगळ्याच दरवाजाला कुलूप घालतं. आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की क्लोरोफॉर्मने पटलातले मेदाचे पुंजके विस्कटतात, त्यातून एक विकर सुटतं आणि पोटॅशियमचा दरवाजा उघडतं. ज्या फळमाश्यांत ते विकर नव्हतं त्यांना गुंगवायला औषध जास्त लागलं. म्हणजे हाकलून दिलेलं पटल मागच्या दाराने परत आलं म्हणायचं!

तेव्हा "कळलेलं नाही" म्हणजे "काहीच कळलेलं नाही" असं नव्हे. दरवाजे मिटल्या-उघडल्यावर शुद्ध कशी हरपते, तो शेवटचा धागा अजून हाती यायचा आहे. पण किती औषध द्यायचं हा प्रश्न वेगळा, आणि त्याचा हिशोब चोख आहे. निम्मे रोगी सुरीच्या स्पर्शालाही हलत नाहीत, इतकं श्वासातलं वायूचं प्रमाण हे माप १९६० च्या दशकातच ठरलं. ते वयानुसार बदलतं. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी सुमारे सहा टक्क्यांनी उतरतं, म्हणजे आम्हा सत्तरीवाल्यांना कमी वायू पुरतो. भूलतज्ज्ञ वय विचारतात ते उगाच नाही. मंडळी, तिथे तरी खरं वय सांगा!