नाकातील अंधार आणि हिरवे द्रव्य

जालन्याच्या एखाद्या सुतारखान्यात रंधा थांबवून, मिशीवर बसलेला सागवानी भुसा उपरण्याने झटकणारा कारागीर एकाच नाकपुडीतून कित्येक आठवडे रक्त येत असल्याचे सांगतो, तेव्हा ते सर्दीच्या सदरात जमा करून त्याची बोळवण करणे मला अक्षम्य वाटते. कारण लाकडाची धूळ नाकाच्या व सायनसच्या कर्करोगास कारणीभूत ठरते, हे शास्त्राला कित्येक दशके अवगत आहे.

नाकाच्या अरुंद पोकळीच्या एका अंगाला डोळा, वर मेंदू आणि मागे मस्तकाची मुख्य रोहिणी असल्यामुळे, दुर्बिणीतून शस्त्र चालवणाऱ्याची खरी कसोटी या कर्करोगाचे अर्बुद काढताना त्याची सरहद्द ओळखण्यात असते. शिरेतून दिलेले इंडोसायनिन ग्रीन हे द्रव्य, जे अमेरिकेत १९५९ पासून वैद्यकात रुजू आहे आणि दृष्टिपटलामागील रक्तवाहिन्यांच्या तपासणीमुळे नेत्रवैद्यांच्या परिचयाचे आहे, अवरक्त प्रकाशात चकाकून रोहिणीचा मार्ग दाखवते व गाठीच्या गळक्या वाहिन्यांत रेंगाळल्यास तिची कडाही सूचित करते. मात्र केवळ सुजलेला भागही तसाच चमकू शकतो, म्हणून अखेरचा निवाडा सूक्ष्मदर्शकाकडेच राहतो.

या द्रव्याचे साहाय्य मराठवाड्याच्या रुग्णाला मुंबई न गाठता छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात लाभावे, ही माझी आग्रहाची मागणी आहे. परंतु तत्पूर्वी जालना जिल्ह्यातील मंठा, परतूर, अंबडच्या सरकारी दवाखान्यांतून एकाच नाकपुडीतून रक्त येण्याच्या तक्रारीच्या प्रत्येक रुग्णाच्या नाकात दुर्बीण घालून पाहण्याची तजवीज व्हावी.