दिव्यांगांचे अनुदान : नेमका कोणता खर्च मिळतो?

दिव्यांग अपत्याच्या पालकांपुढचा प्रश्न 'शासनाची योजना आहे काय?' हा नसतो. योजना आहेत आणि त्या थोड्याथोडक्या नाहीत. खरा प्रश्न असतो तो, या योजनेतून कोणता खर्च मिळेल आणि कोणता आपल्यालाच सोसावा लागेल, हा. त्याचे एकत्रित, सुबोध उत्तर सामान्य कुटुंबाला सहजी मिळत नाही. परिणामी काहीजण हक्काच्या साहाय्यास मुकतात, तर काहीजण न मिळणाऱ्या पैशाच्या भरवशावर कर्ज काढून बसतात.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगतेचे प्रमाणपत्र हाती आले की बहुतेक योजनांचे दार उघडते. परंतु प्रत्येक योजनेची चौकट निराळी आहे, हे येथेच ध्यानात घ्यावयास हवे.

साहाय्यक उपकरणांसाठी केंद्राची 'एडिप' योजना १९८१ पासून चालू आहे. चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, कृत्रिम अवयव, कुबड्या हे तीमधून मिळते. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण किंमत आणि ३०,००० रुपयांपर्यंत असेल तर निम्मी किंमत शासन सोसते. एकाच कारणासाठी पुन्हा साहाय्य मिळण्यास तीन वर्षे थांबावे लागते. बारा वर्षांखालील बालकांसाठी हे अंतर एक वर्षाचे आहे. श्रवणयंत्र मिळाले, तरी त्याच्या बॅटऱ्या सतत संपतच राहतात, आणि तो खर्च बहुधा घरावरच येतो.

उपचारांच्या बाबतीत राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना खरोखर उपकारक आहे. हा न्यास १९९९ च्या कायद्याने अस्तित्वात आला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता या चार गटांना निरामयमधून एक लाख रुपयांपर्यंतचे विमाछत्र लाभते. त्यासाठी पूर्वतपासणीची अट नाही. रुग्णालयातील भरतीच नव्हे, तर बाह्यरुग्ण तपासणी, औषधे, नियमित थेरपी आणि प्रवासखर्चही तीत येतो. मात्र प्रत्येक बाबीची स्वतंत्र मर्यादा आहे. थेरपीसाठी एक लाख रुपये मिळतील अशी समजूत करून घेणाऱ्यांच्या पदरी निराशा येते. शिवाय खर्च आधी स्वतः करावयाचा आणि पावत्या जोडून नंतर परतफेड मागावयाची, अशी रीत आहे. एक पावती हरवली, मुदत टळली, की दावा अडला. अंध, कर्णबधिर आदी उरलेल्या गटांना तर हे छत्र नाही. आयुष्मान भारत योजनेचा आधार आहे, पण तो रुग्णालयातील भरतीपुरता. आठवड्यातून तीनदा लागणारी फिजिओथेरपी त्यात बसत नाही.

मध्यमवर्गीय कुटुंबे उत्पन्नमर्यादेमुळे अनेक योजनांबाहेर राहतात. त्यांच्यासाठी आयकरातील सवलत आहे. अवलंबित दिव्यांगासाठी ७५,००० रुपयांची आणि ८० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगता असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. तीही प्रत्यक्ष खर्च किती झाला हे न पाहता. परंतु जुनी करप्रणाली निवडणाऱ्यासच ती मिळते. नवी प्रणाली स्वीकारताना किती कुटुंबे हा हिशेब मांडतात?

या सर्व योजनांमागचे गृहीतक तपासले पाहिजे. शासन वस्तूला पैसा देते, शस्त्रक्रियेला पैसा देते. पण दिव्यांगता ही दररोजची बाब आहे. मुलाच्या सांभाळासाठी आईने नोकरी सोडली, तर तो 'खर्च' कोणत्याच रकान्यात बसत नाही. वास्तविक २०१६ च्या कायद्याचे कलम २४ अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता सुचविते. दिव्यांगांचे साहाय्य इतरांच्या तत्सम योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे, असेही सांगते. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेतून काळजीवाहकांसाठी दरमहा ६०० रुपये ठरविले. रक्कम अल्प आहे, पण सांभाळ करणाऱ्याचे कष्ट शासनदरबारी नोंदले गेले, हे महत्त्वाचे.

तिजोरीला मर्यादा आहेत, हा युक्तिवाद कोणी करील. तो अगदीच खोटा नाही. परंतु काय मिळते आणि काय मिळत नाही, हे स्पष्टपणे सांगावयास तिजोरी लागत नाही. दिव्यांगता प्रमाणपत्रासोबतच मराठीत एक पत्रक द्यावे. कोणता खर्च कोणत्या योजनेत, किती मर्यादेपर्यंत आणि कोणत्या कागदांवर, एवढेच त्यात असावे. उपकरणाबरोबर त्याच्या देखभालीचीही तरतूद व्हावी. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. तो वर्षअखेरीस घाईने वस्तुवाटपात संपविण्याऐवजी अशा आवर्ती गरजांकडे वळविता येईल.

समाजाचेही काही कर्तव्य आहे. आपल्या वस्तीत दिव्यांग असलेली घरे किती, त्यांतील किती जणांकडे ओळखपत्र आहे, निरामयचे नूतनीकरण कोणाचे राहिले, ग्रामसभेत ५ टक्के निधीचा हिशेब कोणी विचारला, एवढे जरी प्रत्येक कार्यकर्त्याने पाहिले तरी पुष्कळ काम होईल. अर्ज भरून देणे, पावत्यांची धारिका लावून देणे हे सेवाकार्यच होय. आपल्या पश्चात या लेकराचे काय, ही चिंता त्या आईबापांच्या उशाशी रोजची आहे. ती निदान वाटून घेणे आपल्या हाती आहे.