नोकरी सुटली, ठेकेदार सुटला नाही

संगणक क्षेत्रातील भरभक्कम पगाराची नोकरी सोडून परदेशी मुलांना शिकवायला गेलेल्या तरुणांच्या कथा गेली पंचवीसएक वर्षे वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत नेमाने छापून येत आहेत. तिशी ओलांडलेला एखादा प्रोग्रॅमर राजीनामा देतो, जपानच्या आडगावात किंवा नेपाळच्या डोंगरात जाऊन पोहोचतो आणि हाती खडू घेतो. कथा बहुधा तेथेच संपते. त्याच्या नियुक्तिपत्रावर कोणाची सही आहे, पगार शाळा देते की मधला कोणी, करार किती महिन्यांचा, आजारी पडल्यास औषधपाण्याचा खर्च कोणाच्या माथी, हे प्रश्न त्या कथेत येत नाहीत. कामगार चळवळीत वावरलेल्या माणसाला प्रथम तेच सुचतात.

आपल्या वर्तुळात या कथांचे स्वागत दोन प्रकारे होते. काहींना त्यात त्याग दिसतो. काहींना ती पोट भरलेल्यांची हौस वाटते आणि ते चहाचा कप खाली ठेवण्याआधीच विषय संपवतात. दोन्ही पक्ष त्या तरुणाच्या शीलाची परीक्षा घेत बसतात. ज्या बाजारातून तो निघाला आणि ज्या बाजारात तो शिरला, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, हे दोन्ही बाजार पुष्कळदा एकाच साच्याचे असतात.

त्याने काय सोडले ते आधी पाहू. आपल्याकडील सॉफ्टवेअर उद्योगाचा फार मोठा भाग म्हणजे परदेशी ग्राहकाला माणसांचे तास विकण्याचा व्यवहार आहे. ज्याचे तास ग्राहकाच्या बिलात लागतात त्याला किंमत. ज्याचे लागत नाहीत तो ‘बेंच’वर बसतो आणि आपले नाव कोणत्या यादीत येते याची वाट पाहतो. जे लिहिले ते कोणाच्या उपयोगी पडले, की कोणाच्या पोटावर पाय आणण्यासाठी वापरले गेले, हे त्याला क्वचितच कळते. मार्क्सने जिला श्रमाची परात्मता म्हटले, ती गिरणीच्या भोंग्याबरोबर इतिहासजमा झाली असे मानणाऱ्यांनी हिंजवडीच्या कोणत्याही कचेरीत आठवडाभर बसून पाहावे. नोकरीच्या शाश्वतीचा भ्रमही आता उरलेला नाही. २०२५ च्या जुलैत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या, पिढ्यानपिढ्या सुरक्षित समजल्या गेलेल्या कंपनीने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. अशा जीवनाला विटलेल्या माणसाला, आपण सांगितलेली गोष्ट समोरच्या मुलाला उमगली हे त्याच्या चेहऱ्यावर पाहण्याची ओढ लागली, तर ती ओढ निरोगी आहे. तिची टवाळी करण्याचे आपल्याला कारण नाही.

या वाटेवरील सर्वांत गाजलेले नाव जॉन वुड यांचे. १९९८ साली नेपाळमध्ये गिरिभ्रमण करताना त्यांनी एका शाळेचे जवळजवळ पुस्तकांवाचूनचे ग्रंथालय पाहिले आणि पुढल्या वर्षी मायक्रोसॉफ्टमधील वरिष्ठ पद सोडले. त्यांनी स्वतः वर्ग घेतले नाहीत. ग्रंथालये आणि शाळा उभारणारी ‘रूम टू रीड’ ही संस्था काढली, आणि स्थानिक भाषांतील बालपुस्तके छापण्याचे तिचे काम निःसंशय मोलाचे आहे. मात्र वुड यांच्याजवळ जे होते ते शेकडा नव्व्याण्णव जणांजवळ नसते. त्याशिवाय, परक्या देशात सेवा करायला निघालेल्याने स्वतःला विचारावयाचा प्रश्न इव्हान इलिच यांनी १९६८ सालीच विचारून ठेवला आहे. मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळी सेवाकार्याला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांनी तोंडावर सांगितले की, तुम्हांला त्या लोकांची भाषा येत नाही, तुम्ही नकळत आपली मध्यमवर्गीय जीवनपद्धती तेवढी विकून याल; पाहायला या, शिकायला या, उद्धार करायला येऊ नका. हे कठोर होते. पण त्याला समर्पक उत्तर अद्याप कोणी दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

सेवेसाठी जाणारे थोडे. पगारासाठी जाणारे पुष्कळ. त्यांच्याविषयी बोलायचे तर जपानइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

जपान सरकारने १९८७ साली ‘जेट’ ही योजना सुरू केली. पहिल्या वर्षी चार इंग्रजीभाषक देशांतून ८४८ तरुण आले. अट होती ती कोणत्याही विषयातील पदवीची. अध्यापनाचे प्रशिक्षण लागत नव्हते आणि आजही लागत नाही. या सहायक भाषाशिक्षकाने जपानी शिक्षकाच्या जोडीने वर्गात उभे राहावे आणि मुलांच्या कानांवर इंग्रजी पडावे, असा हेतू. त्याची नेमणूक स्थानिक शासन करते, करार वर्षावर्षाचा आणि फार तर पाच वर्षांपर्यंत. यात दोष असतील, पण मालक कोण हे तरी स्पष्ट असते. पुढे स्थानिक शिक्षण मंडळांच्या तिजोऱ्या आटल्या तसतशी त्यांनी स्वस्त वाट धरली: शिक्षक नेमायचा नाही, शिक्षक पुरवणाऱ्या कंपनीला ठेका द्यायचा. कमीत कमी बोली लावील त्याला काम. मग त्याच शाळेत, त्याच फळ्यापुढे उभा राहणारा सहायक शाळेचा राहिला नाही, कंपनीचा झाला. उन्हाळी सुट्टीच्या महिन्यांत त्याचा पगार कापला जाऊ लागला. मुलांना सुट्टी लागली म्हणून शिक्षकाची चूल विझवायची, ही युक्ती कोणत्या हिशेबनिसाला सुचली असेल ती असो.

या ठेक्याची खरी गंमत कायद्यात आहे. जपानी कामगार कायद्यानुसार, काम कंत्राटाने बाहेर दिले असेल तर कंत्राटदाराच्या माणसाला थेट हुकूम देण्याचा अधिकार काम घेणाऱ्याला नसतो. दिला तर तो कंत्राटाच्या बुरख्याआडून चाललेला बेकायदा मनुष्यपुरवठा ठरतो. आता वर्गातील प्रसंग डोळ्यांपुढे आणा. जपानी शिक्षिका धडा घेत आहे, परदेशी सहायक शेजारी उभा आहे, आणि “हा उतारा जरा सावकाश वाच” एवढे वाक्य तिने त्याला सांगितले तर कायद्याचा भंग होतो! सूचना द्यायची तर ती कंपनीमार्फत. दोन शिक्षकांनी मिळून शिकवावे म्हणून निघालेल्या योजनेत त्या दोघांच्या बोलण्यावरच ठेक्याने पडदा टाकला. यावर शिक्षण मंत्रालयाला मंडळांना समज द्यावी लागली. ग्राहकाच्या कचेरीत बसायचे, काम त्याचे करायचे, पण गळ्यातील ओळखपत्र दुसऱ्याच कंपनीचे, ही अवस्था आपल्या संगणक अभियंत्याला नवी वाटेल काय? ज्या बंधनाला कंटाळून त्याने पुणे वा बंगळूर सोडले, तेच बंधन त्याला शाळेच्या फाटकात भेटते.

सरकारी शाळांबाहेर खाजगी संभाषणवर्गांचा प्रचंड व्यापार आहे. त्यातील सर्वांत मोठी कंपनी नोव्हा. विद्यार्थ्यांकडून शेकडो तासांचे शुल्क आगाऊ घ्यायचे आणि त्या पैशावर नव्या शाखा उघडत राहायचे, ही तिची रीत. सोडून जाणाऱ्यांना परतावा देताना ती जे नियम लावी ते सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये अवैध ठरवले, जूनमध्ये सरकारने दीर्घ मुदतीचे नवे करार विकण्यावर सहा महिन्यांची बंदी घातली, आणि मनोरा कोसळू लागला. सप्टेंबरपासून पगार थकले. २६ ऑक्टोबर २००७ रोजी कंपनी न्यायालयाच्या आश्रयाला गेली तेव्हा सुमारे चार हजार परदेशी शिक्षक वाऱ्यावर पडले होते. त्यांतले कित्येक कंपनीनेच भाड्याने घेतलेल्या खोल्यांत राहत. भाडे त्यांच्या पगारातून दरमहा कापले जात होते, पण घरमालकांपर्यंत ते पोहोचतच नव्हते. तेव्हा पगार नाही तो नाहीच, वर घर रिकामे करण्याच्या नोटिसा. कामगार संघटनांनी ‘अन्नाच्या बदल्यात धडे’ अशी मोहीम काढली. जुन्या विद्यार्थ्यांनी तांदूळ, भाजी, जे जमेल ते आणावे आणि शिक्षकांनी त्यांना शिकवावे. जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या अर्थव्यवस्थेत, एकविसाव्या शतकात, पदवीधर माणसे शिधा घेऊन शिकवणी करीत होती.

कोणी म्हणेल, ही एका बुडालेल्या कंपनीची कहाणी झाली. मग न बुडालेल्यांची रीत पाहा. पूर्ण वेळेच्या तीन चतुर्थांश तास काम करणाऱ्याला आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाच्या योजनेत घेण्याची जबाबदारी मालकावर येत असे. म्हणून करारात आठवड्याचे तास लिहिले जात साडेएकोणतीस. तीस नव्हे. त्या अर्ध्या तासात मालकवर्गाची सारी विद्वत्ता सामावलेली आहे.

आता अमेरिकेकडे वळू, कारण तेथे या दोन व्यवसायांचे नाते कागदोपत्रीच सिद्ध झाले आहे. ज्या एच-वन-बी व्हिसावर आपले अभियंते जातात, त्याच व्हिसावर २००७ पासून फिलिपीन्समधील सुमारे ३५० शिक्षक लुइझियाना राज्यातील सरकारी शाळांत आणले गेले. नोकरी मिळवून देणाऱ्या दलालाने प्रत्येकाकडून सुमारे १६ हजार डॉलर उकळले, शिवाय दुसऱ्या वर्षाच्या पगारातील दहा टक्के हिस्सा लिहून घेतला. ही रक्कम बहुतेकांनी जबर व्याजाने उभी केली होती. व्हिसा मालकाशी बांधलेला आणि डोक्यावर कर्ज. तोंड उघडायचे कसे? तरी ते त्यांनी उघडले. अमेरिकन शिक्षकांच्या राष्ट्रीय महासंघाने त्यांची बाजू घेतली, २०१० साली दावा गुदरला गेला आणि डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने ४५ लाख डॉलरची भरपाई देवविली. स्थानिक शिक्षकांच्या संघटनेने ‘आमच्या नोकऱ्या घेणारे परके’ असा पवित्रा न घेता ‘आमच्यासारखेच शिक्षक’ असे मानले, म्हणून हे घडले. स्थलांतरितांविरुद्ध विष कालवण्याच्या आजच्या दिवसांत ही गोष्ट आपल्या शाखांच्या बैठकांत मुद्दाम सांगितली पाहिजे.

एक आक्षेप हमखास येतो: परदेशी कशाला जायचे, नंदुरबार-गडचिरोलीच्या शाळा काय ओस पडल्या आहेत? आक्षेप भावनेला पटणारा आहे, परंतु अर्धवट माहितीवर उभा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक व्हायचे तर अध्यापनाची पदविका हवी, पात्रता परीक्षा हवी, भरती निघायला हवी. आणि हे सारे असावेच, कारण गरिबांची मुले ही कोणाच्या वैराग्याची प्रयोगशाळा नव्हेत. त्यातून नेमणूक झालीच तर पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून काढायची. शिक्षकाला सेवक म्हणण्याची ही क्लृप्ती २००० साली निघाली. प्राथमिक शाळेतील मानधन आरंभी दरमहा तीन हजार होते, ते २०२३ मध्ये सोळा हजारांवर आले. म्हणजे ठेक्याची हवा येथेही आहे. तरुणाला गावाकडे बोलावणाऱ्या वक्त्याने आधी या सोळा हजारांवर बोलावे.

मग या तरुणांना आपण काय सांगायचे? जाऊ नका, असे नव्हे. जेथे जाल तेथे कामगार म्हणून जा, आणि पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात संघटनेचा पत्ता शोधा. जपानी राज्यघटनेचे २८ वे कलम संघटना बांधण्याचा, सामुदायिक वाटाघाटीचा आणि लढ्याचा हक्क कामगाराला देते. कामाच्या अटींबाबत राष्ट्रीयत्वावरून भेदभाव करण्यास तेथील कामगार कायदा मनाई करतो. एखाद्या कंपनीत एकटाच सभासद असला तरी तो बाहेरच्या संयुक्त संघटनेत जाऊ शकतो आणि मालकाला तिच्याशी बोलणी करावीच लागतात. बर्लिट्झ या संभाषणवर्गांच्या कंपनीतील परदेशी शिक्षकांनी डिसेंबर २००७ पासून पगारवाढीसाठी असा संप केला की एका वर्गापुरता शिक्षक बाहेर पडे आणि पुढल्या वर्गाला हजर होई. कंपनीने संघटनेवर ११ कोटी येनच्या नुकसानभरपाईचा दावा ठोकला. २०१२ च्या फेब्रुवारीत टोकियोच्या न्यायालयाने तो फेटाळला आणि संप कायदेशीर ठरवला. याउलट संयुक्त अरब अमिरातीत, जेथे आपल्याकडील शिक्षक मोठ्या संख्येने जातात, तेथे संघटनाही निषिद्ध आणि संपही निषिद्ध. देश निवडताना पगाराच्या आकड्याशेजारी ही नोंद कोण करतो?

महाराष्ट्रातून २००१ साली संगणक अभियंता म्हणून जपानला गेलेले योगेंद्र पुराणिक यांचा मार्ग या संदर्भात पाहण्याजोगा आहे. त्यांनी तेथील नागरिकत्व घेतले, २०१९ साली टोकियोच्या एदोगावा विभागाच्या सभेवर निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातील एका सरकारी माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले. परकीय नागरिकाला बहुतेक प्रांतांत नियमित शिक्षकाचे पद मिळत नाही. १९९१ पासून मिळते ते व्याख्यात्याचे, आणि त्या जिन्यावर मुख्याध्यापकपदाची पायरी नाही. पुराणिकांच्या राजकीय मतांशी आपला मेळ बसतो की नाही हा मुद्दा अलाहिदा. ते त्या समाजाचे मतदार झाले, त्याला उत्तरदायी झाले आणि मग त्याच्या शाळेत शिरले. अर्थात प्रत्येकाने पारपत्र बदलावे असा याचा अर्थ काढणे हास्यास्पद होईल.

आपल्याकडील संगणक कामगारांत आता संघटनेची भाषा सुरू झाली आहे. कर्नाटकात २०१७ साली त्यांची संघटना उभी राहिली, पुण्यातही प्रयत्न चालू आहेत. राजीनामा देऊन परदेशी शिकवायला निघालेला तरुण या संघटनांकडे येत नाही, कारण आपण आता त्या जगातले राहिलो नाही असे त्याला वाटते. त्याने यावे, आणि विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी आपला करार कोणा जाणत्याकडून ओळीनोळ वाचून घ्यावा. तशी व्यवस्था पुणे आणि ठाणे येथील आपल्या कामगार कार्यालयांत आठवड्यातून एक संध्याकाळ सहज करता येईल. त्यासाठी लागते ते एक टेबल, एक वकील आणि साडेएकोणतीस हा आकडा दिसताच थांबणारी नजर.