तपासणीचा अर्धा तास वाचवू नका

कर्करोगाच्या रुग्णाला ‘शेक’ द्यायचा ठरला की नातेवाईक बरेच काही विचारतात. डॉक्टर कोण, यंत्र कोणते, खर्च किती, केस गळतील का? यंत्रातून आज ठरल्याइतकाच डोस बाहेर पडतो आहे का, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नसतो आणि अंगावर पडताना ते जाणवतही नाहीत. डोस कमी-जास्त झाला तरी टेबलावरच्या रुग्णाला ते कळत नाही. त्यामुळे तो मोजावा लागतो आणि रोज मोजावा लागतो.

लिनिअर ॲक्सिलरेटरवर पहिला रुग्ण घेण्याआधी किरणांचे प्रमाण तपासतात. फरक तीन टक्क्यांहून जास्त आला तर उपचार थांबवून कारण शोधायचे, हा प्रचलित निकष आहे. रुग्णाची जागा दाखवणाऱ्या लेझरच्या रेषा जागेवर आहेत का आणि खोलीचे दार उघडताच किरण बंद होतात का, हेही पाहिले जाते. महिन्याची तपासणी याहून काटेकोर असते. कोबाल्टच्या यंत्रातला स्रोत तर दर महिन्याला सुमारे एक टक्क्याने क्षीण होतो, त्या हिशेबाने उपचाराची वेळ वाढवावी लागते. हे सारे काम मेडिकल फिजिसिस्टचे. रुग्णांना तो बहुधा भेटतही नाही.

हे काम टळले की काय होते, ते स्पेनमधील सारागोसा येथे दिसले. डिसेंबर १९९० मध्ये तिथल्या एका रुग्णालयातला ॲक्सिलरेटर दुरुस्त झाला. त्यानंतर कोणतीही ऊर्जा निवडली तरी काटा ३६ वरच राहू लागला. काटा अडकला असेल, असे समजून उपचार चालू राहिले. प्रत्यक्षात किरणांची ऊर्जाच बिघडली होती. दुरुस्ती झाल्याचे फिजिसिस्टना कळवलेच नव्हते. सुमारे दहा दिवसांत २७ रुग्णांना जादा डोस बसला आणि त्यातले अनेक दगावले.

इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंटची चूक उलट्या दिशेची होती. तिथे यंत्र ठीक होते, हिशेब चुकला होता. १९८२ पासून वापरात असलेला संगणक अंतरासाठीची दुरुस्ती स्वतःच करत होता. कर्मचारी जुन्या पद्धतीने तीच दुरुस्ती हातानेही करत राहिले. हजाराहून अधिक रुग्णांना ५ ते ३० टक्के कमी डोस मिळाला. हे लक्षात आले १९९१ मध्ये, नवी प्रणाली आल्यावर.

सारागोसाची चूक दिवसांत कळली, स्टोकची कळायला नऊ वर्षे लागली. जादा डोसाने कातडी भाजते, ते दिसते. कमी डोसाचा पुरावा म्हणजे परत आलेली गाठ, आणि तिचे खापर रोगावरच फुटते. आपल्याकडे प्रतीक्षायादी लांब असते, त्यामुळे ‘आज तपासणी राहू दे, चार रुग्ण जास्त होतील’ असे म्हणण्याचा मोह मोठा असतो. पण तपासणी टाळून घेतलेल्या त्या चार जणांना नेमके काय मिळाले, हे कोणालाच ठाऊक नसते.

भारतात नियम आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय असे यंत्र चालवता येत नाही. मेडिकल फिजिसिस्ट आणि ठरावीक काळाने गुणवत्ता तपासणी बंधनकारक आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र टपालाने छोटे डोसमापक पाठवून रुग्णालयांचा डोस बाहेरून पडताळते. कमी पडते ती अंमलबजावणीला लागणारी वेळ आणि माणसे.

म्हणून रुग्णालय प्रशासनाने तीन गोष्टी कराव्यात. तपासणीचा वेळ रुग्णांच्या वेळापत्रकातच राखून ठेवावा. दुरुस्तीनंतर फिजिसिस्टने मापन करून सही केल्याशिवाय एकही रुग्ण घेऊ नये. फिजिसिस्टची पदे रिकामी ठेवू नयेत. एकट्या माणसाची चूक पकडायला दुसरा लागतोच. शेवटच्या तपासणीची तारीख विभागाबाहेरच्या फलकावर लिहायला तर काहीच खर्च येत नाही.

नातेवाइकांनीही ती तारीख जरूर विचारावी. आणि ‘तपासणीमुळे आज उशीर होईल’ असे सांगितले गेले तर संतापू नये. तो उशीर त्यांच्याच माणसासाठी असतो.